सायलेन्सर घरी बदलायचा की गॅरेजला द्यायचा? आधी गाडीखाली टॉर्च मारून बघा

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने त्याच्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकसाठी ऑनलाइन स्टेनलेसचा सायलेन्सर मागवला आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मला गाठून म्हणाला, काका हा घरीच बसवू का, व्हिडिओत तर अर्ध्या तासात बसवलाय, गॅरेजवाल्याला कशाला पैसे द्यायचे. मी त्याला म्हटलं पैशाचं नंतर बघू, आधी टॉर्च आण आणि खाली वाकून बघ, जुना डबा पुढच्या पाइपाला नट-बोल्टने जोडलाय की वेल्ड केलेला आहे. घरी करायचं की बाहेर द्यायचं हे निम्म्याहून जास्त तिथेच ठरतं. फ्लँज (म्हणजे पाइपाच्या टोकाची, बोल्टने जोडायची चपटी पट्टी) असेल, दोन-तीन नट दिसत असतील आणि ते नट अजून नटासारखे दिसत असतील (म्हणजे गंजून गोल झालेले नसतील) तर घरी करण्यासारखं काम आहे. पाइप सलग असेल, म्हणजे कापल्याशिवाय डबा निघणारच नसेल, तर ते वेल्डिंगवाल्याचं काम, तिथे यूट्यूब बघून हात घालू नका.

आता हे का, ते समजायला पूर्ण लाइन एकदा पुढून मागे बघू.

इंजिनातून जळालेला गॅस आधी मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरांचा गॅस एकत्र करणाऱ्या पाइपात) येतो, तिथून लगेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला सगळे कॅट म्हणतात, आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमचा थर, विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड इथे बऱ्यापैकी निरुपद्रवी होऊन पुढे जातात. कॅटच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर बहुतेक गाड्यांत दुसरा. मग इंजिनाचे हेलकावे मागच्या पाइपाला बसू नयेत म्हणून जाळीचा लवचिक तुकडा किंवा स्प्रिंगवाल्या बोल्टचा जॉइंट. मग मधला लांब पाइप, त्यात बऱ्याच गाड्यांना एक छोटा डबा म्हणजे रेझोनेटर, आणि शेवटी मागच्या बंपरखाली मोठा डबा, ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो. हे सगळं गाडीला घट्ट बांधलेलं नसतं, रबरांवर टांगलेलं असतं, म्हणून गाडीत थरथर येत नाही.

माझी स्वतःची रेघ स्पष्ट आहे. कॅटच्या मागचं, आणि तेही बोल्टचं, ते घरी. कॅट आणि त्याच्या पुढचं, म्हणजे इंजिनाकडचं, काहीही घरी नाही, आणि खरं सांगायचं तर ते बदलूच नका. पुढच्या भागात जरासा लीक राहिला तर नुसता आवाज येऊन भागत नाही. पाइपात गॅस ठोक्याठोक्याने जातो, दोन ठोक्यांच्या मध्ये दाब कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बिचारा पेट्रोल वाढवतो, आणि तुम्ही महिनाभर विचार करत बसता की अ‍ॅव्हरेज अचानक का पडलं. कॅट काढून नुसता पाइप टाकणारेही आहेत, त्यांच्या गाडीत मागचा सेन्सर ते ओळखतो, चेक इंजिन लाइट लागते आणि स्कॅनरवर पी०४२० कोड येतो. पीयूसीलाही अडकतं, कारण बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीत नुसता धूर बघत नाहीत, कार्बन मोनॉक्साइड मोजतात, शिवाय इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास धरून लॅम्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) मोजतात, तो ०.९७ ते १.०३ मध्ये बसावा लागतो.

बरं, त्या मुलाकडे परत. खाली वाकल्यावर त्याला पहिल्यांदा दिसलं ते जुन्या डब्याच्या तळाला असलेलं बारीक भोक, आणि तो म्हणाला बघा काका सडलाय, एम-सील लावून बुजवू का तोपर्यंत. नको. ते भोक कंपनीने ठेवलेलं असतं, पाणी निघून जायला. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, हे ऐकून बऱ्याच जणांना खरं वाटत नाही पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पाणीच होतो. गाडी लांब चालली तर डबा तापतो आणि वाफ निघून जाते. पण आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून जवळच्या इंदिरानगरला जाऊन भाजी घेऊन परत, एवढंच गाडीचं आयुष्य असेल तर डबा तापतच नाही, पाणी आत साचतं, त्यात थोडं आम्ल मिसळलेलं असतं आणि पत्रा आतून सडतो. सीएनजीवर तर पाणी अजून जास्त बनतं. म्हणून बाहेरून चकचकीत दिसणारा डबा एक दिवस हातोडीचा हलका ठोका मारला की भसकन आत जातो. टॉर्च मारायला गेलात की हा ठोका पण मारून बघा, पाइपावर आणि जोडावर, टणक आवाज आला पाहिजे. भद्द आवाज आला तर तो पाइप नवीन डब्याचं वजन पेलणार नाही, मग निर्णय आपोआप झाला, वेल्डिंगवाला.

समजा जोड बोल्टचा आहे आणि पत्रा टणक आहे, तर घरी कसं करायचं.

सगळ्यात आधी गाडी वर कशी ठेवणार ते सांगा. गाडीसोबत येणारा कात्रीसारखा जॅक फक्त स्टेपनी बदलायला आहे, त्याच्या भरवशावर कोणीही, एका मिनिटासाठीही, गाडीखाली जायचं नाही. विटा नाही, दगड नाही, लाकडाचे ओंडके नाही. दोन जॅक स्टँड पाहिजेत, काही गॅरेजवाले त्याला घोडी म्हणतात, आणि खाली सपाट घट्ट जमीन पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच सोसायट्यांत पेव्हर ब्लॉक असतात, ते एका कोपऱ्यात दबतात, तिथे स्टँडखाली जाड प्लायवुडचा तुकडा टाका आणि पार्किंगला उतार असेल तर तिथे हे काम करूच नका. मागची बाजू उचलली की हँडब्रेकचा उपयोग संपतो, कारण बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. स्टँडवर बसवल्यावर खाली जाण्याआधी गाडीला बाजूने चांगला धक्का देऊन बघा, हलली तर परत बसवा. हे सगळं मी इतकं लांबवून लिहितोय कारण या कामात बाकी सगळ्या चुका पैशाने भरून येतात, ही येत नाही.

मग नट. हे नट वर्षानुवर्षं तापून, थंड होऊन, पावसाचं पाणी खाऊन बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारा, सकाळी परत मारा, पाइप पूर्ण थंड असतानाच, कारण गरम पाइपावर स्प्रे मारला तर पेट घेऊ शकतो. सहा कोनांची गोटी (सॉकेट) किंवा रिंग पाना लावा, बारा कोनांची गोटी नटाची कोपरं खाते. एकदम जोर नाही, थोडं सोडवायचं, परत थोडं आवळायचं, परत सोडवायचं, गंजाची पूड बाहेर पडू द्यायची. मी काही वर्षांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी ही घाई केली, नट फिरतोय असं वाटलं आणि हातात स्टड (नट ज्यावर बसतो ती आट्यांची सळी) तुटून आला, म्हणजे नट फिरत नव्हता, अख्खा स्टड पिळला जात होता. गाडी स्टँडवर, अंधार पडलेला, सोमवारी सकाळी सातपूरला फर्स्ट शिफ्ट. तेव्हापासून सायलेन्सरचं कुठलंही काम मी शनिवारी सकाळी सुरू करतो आणि नवीन नट, नवीन पॅकिंग आधी घरात आणून ठेवतो. पॅकिंग जुनं परत वापरायचं नाही, ते एकदा दबलं की दबलं.

स्प्रिंगवाले बोल्ट असतील तर ते तसेच परत लावा. गंजले म्हणून त्या जागी साधे बोल्ट घट्ट आवळून टाकणारे मी पाहिलेत, सुरुवातीला छान वाटतं, पण तो जोड मुद्दाम हलता ठेवलेला असतो, तुम्ही तो गच्च केला की इंजिनाचा प्रत्येक झटका पाइपाला बसतो आणि काही महिन्यांत पाइपाला किंवा मॅनिफोल्डला तडा जातो.

रबर काढताना साबणाचं पाणी लावा, सहज सरकतात. तेल किंवा ग्रीस नको, बऱ्याच रबरांना ते चालत नाही, फुगतात आणि ढिले पडतात. चिरा पडलेली रबरं त्याच दिवशी बदला, स्वस्त असतात, आणि एक रबर तुटलं की उरलेल्या रबरांवर सगळं वजन येऊन डबा गतिरोधकावर घासायला लागतो. सध्या कुंभमेळ्याच्या कामांसाठी शहरात जिकडेतिकडे खोदलंय, त्यामुळे हे जरा जास्तच मनावर घ्या.

नवीन डबा लावताना आधी सगळं हातानेच ढिलं बसवायचं, पुढच्या जोडापासून मागे, आणि मग अंतर बघायचं. इथे एक गोष्ट हमखास फसवते. गाडी वर उचललेली असताना मागचा अ‍ॅक्सल (मागच्या चाकांमधला आडवा दांडा) खाली लोंबलेला असतो, आणि खूप गाड्यांत पाइप अ‍ॅक्सलच्या वरून वळण घेऊन जातो, त्यामुळे दोघांत भरपूर जागा आहे असं वाटतं. गाडी चाकांवर उतरली, मागे तीन माणसं बसली, डिकीत सामान आलं आणि चाक एका खड्ड्यात आदळलं की अ‍ॅक्सल वर येतो आणि थेट पाइपावर ठोका देतो. म्हणून गाडी चाकांवर असताना, शक्य झालं तर मागच्या सीटवर दोघांना बसवून, बाहेरून टॉर्चने ते अंतर परत बघा. तसंच पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, बंपरचं प्लास्टिक, सगळ्यांपासून डबा लांब हवा, आणि कंपनीने लावलेला उष्णता अडवणारा पत्रा काढून फेकू नका.

आता दुसरी बाजू, वेल्डचं काम. नाशिकमध्ये आपलं नशीब चांगलं आहे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे फॅब्रिकेशनवाले भरपूर, आणि वायनरी, फार्मा यांच्या स्टेनलेसच्या टाक्या बनवणारे हातही याच शहरात आहेत. पण सायलेन्सरला कोण पाहिजे ते कळायला थोडं धातूचं बघू. ऑनलाइन मिळणारे चांगले डबे बहुतेक ३०४ ग्रेडचे असतात, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, याला लोहचुंबक जवळजवळ चिकटत नाही. कंपनीचा पाइप बऱ्याचदा ४०९ ग्रेडचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेल्या साध्या स्टीलचा, दोन्हीला चुंबक चिकटतं. फ्रिजवरचं चुंबक घेऊन जा आणि बघा. दोन वेगळे धातू जोडायचे तर फिलर (जोडात वितळवायची तार) पण तसाच लागतो, स्टेनलेसला साधं स्टील जोडायला ३०९ नंबरचा फिलर वापरतात, आणि आर्गन वेल्डिंग, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणाखाली केलेलं, लागतं. साध्या आर्क वेल्डिंगच्या कांडीने चिकटवून दिलेला जोड पहिल्याच पावसाळ्यात गंजतो नाहीतर चिरतो. म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर एवढंच विचारायचं, आर्गन करता का आणि फिलर कोणता. ज्याला काम येतं तो या प्रश्नाने वैतागत नाही, उलट खुलतो.

आणि वेल्डिंगआधी तुमच्यासमोर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली गेली पाहिजे, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच त्याच पाइपावर लागला पाहिजे, बंपरला किंवा कुठल्यातरी लांबच्या बोल्टला नाही, नाहीतर करंट नको त्या वाटेने फिरून ईसीयू किंवा सेन्सर जाऊ शकतो. सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे गाडीवर फक्त दोन-तीन ठिकाणी टाका मारून माप पक्कं करायचं, मग पाइप खाली काढून टेबलावर पूर्ण वेल्ड करायचा. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर याशिवाय दुसरी पद्धत मी मान्यच करत नाही, डोक्यावर गॅसची टाकी, बाजूला पेट्रोलची, आणि मध्ये ठिणग्या, कशासाठी.

गाडी लिफ्टवर घेणारा मिळाला तर अजून चांगलं, कारण पूर्ण लाइन एका नजरेत दिसते. मजुरी जास्त वाटली तरी हिशेब असा करा की घरी करायला जॅक स्टँड, बरा ट्रॉली जॅक, गोट्यांचा सेट, टॉर्क रेंच घ्यावं लागतं, एका सायलेन्सरसाठी एवढं घेतलं तर कधीच परवडत नाही. पुढची दहा वर्षं ब्रेक पॅड, ऑइल, सस्पेन्शनही स्वतः बघणार असाल तर मात्र पहिल्याच वर्षी वसूल.

आवाजाबद्दल आणि ताकदीबद्दल लिहायलाच पाहिजे कारण बहुतेक मुलं त्यासाठीच हे करतात. १.२ लिटरच्या साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात नुसता मागचा डबा बदलून जाणवेल एवढी ताकद येत नाही. पाइप गरजेपेक्षा रुंद घेतला तर गॅसचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमला ओढ उलट कमी होते, म्हणजे कसारा घाट चढताना तुम्हालाच त्रास. टर्बो गाडीत टर्बोच्या मागची वाट मोकळी असण्याचा थोडा फायदा आहे, पण तोही पूर्ण सिस्टीम आणि ट्यूनिंगसोबत.

आवाजाचं गणित साधं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठोके पडतात, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठोके, १०० हर्ट्झ, तीन सिलिंडरला ७५. हा जो जाड घुमणारा आवाज आहे तो गाडीच्या बंद केबिनमध्ये भरून राहतो, कानात दडा बसल्यासारखं होतं. आत ग्लासवूल भरलेले सरळ भोकाचे सायलेन्सर तीक्ष्ण आवाज चांगला शोषतात, हा जाड आवाज मात्र त्यांच्याकडून फारसा थांबत नाही. गल्लीत दोन मिनिटं ऐकायला भारी वाटतं, पण एकाच वेगाने इगतपुरीपर्यंत जाऊन बघा, मागे बसलेल्या आईचं डोकं दुखायला लागतं. रेझोनेटर काढू नका, तो याचसाठी ठेवलेला असतो.

आणि कायदा. कंपनीच्या मापाचा, तेवढ्याच आवाजाचा डबा जुन्याच्या जागी टाकणं म्हणजे दुरुस्ती. आवाज वाढवणं म्हणजे वेगळी गोष्ट. कारसाठी कंपनीला चालत्या गाडीच्या आवाजाची ७४ डेसिबलची मर्यादा पाळावी लागते. आवाज-प्रदूषणाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२अ(४) खाली मालकावर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. राज्यात बऱ्याच शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडलेत. इन्शुरन्स कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो. पण दंड बाजूला ठेवा हो, रात्री अकराला कोणाच्या तरी घरात बाळ झोपलेलं असतं, कोणी हॉस्पिटलमधून घरी आलेलं असतं, त्यांनी काय केलंय तुमचं.

काम घरी करा की बाहेर, शेवटची तपासणी स्वतःच करा. इंजिन थंड असताना गाडी मोकळ्या जागेत चालू करा, बेसमेंटमध्ये नाही, जाड ओलं फडकं घडी करून क्षणभर मागच्या नळीवर धरायला एकाला सांगा आणि तुम्ही बाजूने जोडाजवळ कान द्या, फुस्स आवाज आला तर लीक. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडा, बुडबुडे येतील तिथे फट. हे आवाजासाठी करत नाही आपण. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. गाडीखालचा लीक, डिकीचं फाटलेलं रबर, काचा बंद आणि एसी चालू, एवढं पुरतं. लांबच्या प्रवासात विनाकारण डोकं जड होत असेल, मुलं पेंगत असतील तर आधी काचा उघडा, गाडी थांबवा आणि मग पाइप बघा.

तर त्या मुलाच्या गाडीचा जोड सलग निघाला, अ‍ॅक्सलच्या जरा मागे कापावा लागणार होता. आम्ही अंबडला एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो, त्याने आधी व्हर्नियर काढला आणि नवीन डब्याचा पाइप ५० मिलिमीटर, जुना ४२, हे दाखवलं, घरी कापून बसलो असतो तर रविवार तिथेच अडकला असता. त्याने दोन मापांना जोडणारा निमुळता तुकडा बनवला, टाके मारले, खाली काढून आर्गनने पूर्ण केला, आणि पुढच्या वेळी परत कापायला लागू नये म्हणून मध्ये तीन बोल्टची फ्लँज टाकली, त्यासाठी थोडे जास्त पैसे घेतले आणि ते आम्ही आनंदाने दिले. पंधरा दिवसांनी पार्किंगमध्ये गाडी थंड असताना मुलाने स्वतः पाना लावून तिन्ही नट तपासले. दोन जागचे हलले नाहीत, तिसरा पाव फेरा फिरला.